मेनार्ड : लोकरीच्या गिरणीचे गाव

रविवार

बॉस्टनच्या पश्चिमेला असाबेट नदीच्या काठी वसलेल्या मेनार्ड गावातील काही रहिवाशांनी १९०२ साली गावाचे नावच बदलून घेण्याचा प्रयत्न केला होता. आज दुपारभर गिरणीच्या तळ्याभोवती फिरताना माझ्या मनात हाच प्रसंग घोळत होता. ज्या माणसाच्या नावाने गाव उभे राहिले, त्याचे नाव पुसून नदीचे नाव लावावे, असे लोकांना वाटू लागले, यामागे किती खोल दुखावलेपण असेल!

एमरी मेनार्ड यांनी विल्यम नाइट यांच्या भागीदारीत १८४६ मध्ये नदीवर बंधारा घातला, कालवा खणून पाणी तळ्यात आणले आणि त्या पाण्याच्या बळावर गालिच्यांची गिरणी सुरू केली. १८५० मध्ये रेल्वे आली. १८५७ च्या मंदीत धंदा बुडाला, पण १८६२ मध्ये ‘असाबेट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ या नावाने तो पुन्हा उभा राहिला आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला लागणाऱ्या लोकरी कापडाने त्याला बरकत आणली. गिरणीभोवतीची वस्ती इतकी वाढली, की १८७१ मध्ये स्टो आणि सडबरी या जुन्या गावांच्या जमिनीतून एक स्वतंत्र गाव वेगळे काढण्यात आले आणि त्याला मालकाच्या हयातीतच त्याचे नाव देण्यात आले.

एमरी मेनार्ड १८९० मध्ये वारले. त्यांचे पुत्र लोरेंझो यांनी वडिलांच्या स्मरणार्थ १८९२ मध्ये गिरणीवर घड्याळाचा मनोरा बांधून दिला. त्या घड्याळाला आजही हातानेच चावी द्यावी लागते. मनोरा सुंदर आहे यात शंका नाही. पण तो उभा राहिल्याला पुरती सात वर्षेही झाली नव्हती, तोच १८९८ च्या अखेरीस गिरणीचे दिवाळे वाजले. नामांतराची मागणी करणाऱ्यांचे आक्षेप दोन होते. एमरी यांनी गावाला ग्रंथालय, उद्यान किंवा एखादी सार्वजनिक इमारत असे काहीही दिले नाही, हा पहिला. आणि गिरणी बुडण्याआधी लोरेंझो यांनी स्वतःचे पैसे मात्र काढून घेतले, हा दुसरा. नामांतर झाले नाही. तरीही मला वाटते, की या गावाच्या स्वभावाची घडण त्या दिवाळखोरीपासूनच सुरू झाली.

१८९९ मध्ये ‘अमेरिकन वुलन कंपनी’ या बलाढ्य कंपनीने गिरणी विकत घेतली, नव्या प्रचंड इमारती बांधल्या आणि कामगारांसाठी घरांच्या रांगा उभारून तेथील रस्त्यांना राष्ट्राध्यक्षांची नावे दिली. आयरिश लोक आधीपासून होतेच. आता फिनलंड आणि पोलंडमधून माणसे येऊ लागली. काम गिरणीचे आणि घरही गिरणीचे, अशा ठिकाणी माणसाच्या हाती स्वतःचे असे फारच थोडे उरते. येथील फिनिश कामगारांविषयी मला जो मनःपूर्वक आदर वाटतो, तो याच कारणासाठी. त्यांनी १९०७ मध्ये ‘कालेव्हा’ ही सहकारी संस्था काढली. कालेव्हा हा त्यांच्या पुराणकथांमधील आदिपुरुष. पुढे ‘युनायटेड को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेचे सभासद केवळ फिनिश राहिले नाहीत. किराणा, दूध, पाव, थंडीसाठी कोळसा अशा रोजच्या गरजा तिच्याकडून भागत आणि नफा सभासदांकडे परत येई. सहकाराच्या बळावर उभी राहिलेली गावे पाहत वाढलेल्या मराठी माणसाला यात काही परके वाटत नाही. ही संस्था १९७३ पर्यंत चालली, म्हणजे लोकरीच्या गिरणीहून ती दोन दशकांहून अधिक काळ टिकली. गावाचा इतिहास सांगताना लोक मनोऱ्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती या दुकानापासून करायला हवी.

दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या कापडासाठी गिरणी भरभरून चालली. युद्ध संपले, मागणी ओसरली आणि १९५० मध्ये ती बंद पडली. वूस्टर शहरातल्या काही व्यावसायिकांनी १९५३ मध्ये ती घेतली आणि तिचे भाग करून लहानमोठ्या उद्योगांना भाड्याने दिले. स्वस्त जागा हवी म्हणून १९५७ मध्ये केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे दोन तरुण अभियंते येथे आले. ७० हजार डॉलरचे भांडवल आणि साडेआठ हजार चौरस फूट जागा एवढ्यावर त्यांनी ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’ सुरू केली. १९६५ मध्ये तिने बाजारात आणलेल्या ‘पीडीपी-८’ या लहान संगणकाची किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती, आणि त्यामुळे संगणक प्रयोगशाळांच्या व कारखान्यांच्या आवाक्यात आला. १९७४ मध्ये कंपनीने सगळी गिरणीच विकत घेतली.

माझ्या परिचयाचे एक काका ऐंशीच्या दशकात येथे नोकरीला होते. ते सांगतात, की वर्षानुवर्षे लोकरीचे तेल मुरलेल्या लाकडी फरशीचा वास उन्हाळ्यात जाणवत असे आणि एका इमारतीतून दुसरीत नेणाऱ्या मार्गांमध्ये नवा माणूस हमखास चुके. कंपनी गिरणी सोडून जाणार हे कळले, तेव्हा बाजारातल्या दुकानदारांचे चेहरे कसे झाले होते, हेही त्यांनी मला सांगितले. ते १९९३ साल होते.

१९९८ नंतर नोकऱ्या शोधून देणारी ‘मॉन्स्टर’ ही कंपनी येथे आली आणि २०१४ मध्ये तीही गेली. आता पुन्हा अनेक भाडेकरू आहेत, आणि जुन्या लोहमार्गावरून पायी व सायकलने जाण्याचा रस्ता झाला आहे. बाहेरून येणाऱ्यांना एकाच बड्या कंपनीच्या हातातली गिरणी अधिक वैभवशाली वाटते. मला मात्र १९५३ ची आणि आजची, अनेकांत विभागलेली गिरणी अधिक भरवशाची वाटते, कारण तिच्यातील एखाद्याचे दुकान बंद झाले, तरी गावातल्या प्रत्येक घराची चूल एकाच दिवशी अडचणीत येत नाही.