पीएस२ आणि नवा टीव्ही: दोन लाल पिना आणि एक लपलेलं सेटिंग

तर मंडळी, आमचा डब्बा टीव्ही गेला. आईने दिवाळीच्या साफसफाईत मला न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकला, ते दुःख वेगळंच. त्याच्यासोबत माझ्या लाइट गनचं (गेममध्ये स्क्रीनवर नेम धरायची बंदूक) पण आयुष्य संपलं, कारण ती गन डब्बा टीव्हीच्या स्क्रीनवर फिरणाऱ्या बीमवरच चालते, एलसीडीवर तिला काहीच दिसत नाही. आता हॉलमध्ये ४३ इंची फुल एचडी आहे आणि माझा पीएस२ स्लिम (सोनीचा जुना गेम कन्सोल, प्लेस्टेशन २) त्याच्याखाली. महिनाभर दोघांचं जुळवायचं चाललंय, तर कुठपर्यंत आलो ते लिहून ठेवतो.

पहिल्या दिवशी नेहमीची लाल-पिवळी-पांढरी वायर लावली आणि क्रिकेट ०७ हा गेम टाकला. बघवेना. पिवळ्या वायरमधून रंग आणि उजेड दोन्ही एकाच सिग्नलमध्ये कोंबून जातात, टीव्ही ते परत वेगळं करायला जातो आणि अक्षरांच्या कडेला मुंग्या चालल्यासारखं दिसतं. डब्बा टीव्हीवर हे कधी जाणवलंच नाही कारण तो स्वतःच मऊ दाखवायचा. वर चित्र आडवं ताणलेलं, त्यामुळे फास्ट बॉलर सुद्धा सुटलेल्या पोटाचा दिसत होता. टीव्हीचा आस्पेक्ट ४:३ केला तेव्हा जरा माणसात आले सगळे.

मग रविवारी जुन्या बाजारात गेलो, तिथे एका काकांकडे वायरींच्या गुंत्यात पीएस२ची कंपोनंट केबल मिळाली, म्हणजे चित्र एकाऐवजी तीन वायरींत वाटून नेणारी. पाच पिना: हिरवी, निळी, लाल चित्राच्या आणि लाल, पांढरी आवाजाच्या. हो, लाल दोन. मी अर्थातच अदलाबदल केली. उजव्या स्पीकरमधून घुर्रर्र आवाज आणि स्क्रीन काळी. पिना बदलल्या, घुरघुर गेली, स्क्रीन तरी काळीच, मधूनच हिरवट झाक मारायची. केबल खराब असणार म्हणून काकांना मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या. (सॉरी काका.)

केबल एकदम ठीक होती. गोची पीएस२च्या आत. डिस्क न टाकता चालू केलं की सिस्टम कॉन्फिगरेशन येतं बघा, त्यात कंपोनंट व्हिडिओ आउट म्हणून एक ओळ आहे, तिथे दोन पर्याय, आरजीबी किंवा वाय सीबी सीआर (एका वायरीत उजेड, बाकी दोनांत रंग). माझं आरजीबीवर होतं. आरजीबी म्हणजे तिन्ही वायरमधून सरळ लाल हिरवा निळा जातो, आणि टीव्ही बिचारा हिरव्या पिनेवर उजेड आणि सिंक (चित्राची ओळ कुठे सुरू होते ती खूण) शोधत बसतो, ते तिथे नसतंच. आता मजा अशी की हे बदलायला मेनू दिसायला पाहिजे आणि मेनू दिसायला हे बदलायला पाहिजे, म्हणून परत पिवळी वायर लावायची, सेटिंग बदलायचं, बंद करून कंपोनंट लावायची. त्यामुळे जुनी वायर फेकू नका, अजिबात नका. तो छोटा एचडीएमआय डोंगल घेणाऱ्यांना पण हेच सेटिंग लागतं, तो पण आतून कंपोनंटच उचलतो.

आणि टीव्हीच्या मागे पिवळीसाठी वेगळं भोक नसेल तर घाबरू नका, बऱ्याच टीव्हींना ती हिरव्यातच लावायची असते, फक्त सोर्समध्ये एव्ही की कंपोनंट ते नीट निवडा. माझी अर्धी संध्याकाळ त्यात गेली.

चित्र आलं आणि काय सांगू, तोच गेम, तीच डिस्क, पण लाल रंग आता बाजूला सांडत नाही. शार्पनेस जवळजवळ तळाला आणला, नॉइज रिडक्शन बंद, मोशनवालं जे काही होतं ते बंद. कडा कापल्या जात होत्या त्यासाठी ओव्हरस्कॅन बंद केला (कुठे जस्ट स्कॅन म्हणतात, कुठे स्क्रीन फिट).

उरला लॅग. क्रिकेट ०७ ही यासाठी सगळ्यात प्रामाणिक टेस्ट आहे. बटण दाबून बॅट फिरेपर्यंत बॉल कीपरच्या हातात. गेम मोड लावल्यावर ड्राइव्ह परत बसायला लागले, पण पूल अजून उशिराच. कारण सिग्नल ५७६आय, म्हणजे अर्ध्या अर्ध्या ओळी येतात, टीव्ही त्या जोडत बसतो आणि त्यात वेळ खातो. मला पाहिजे प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सगळ्या ओळी एकदम (आकड्यामागे आय असेल तर अर्ध्या ओळी, पी असेल तर प्रोग्रेसिव्ह).

इथे आपलं पाल (आपल्याकडची ५० हर्ट्झवाली टीव्ही पद्धत) नशीब आडवं आलं. ग्रॅन टुरिझ्मो ४ या रेसिंग गेमच्या अमेरिकन डिस्कवर ४८०पी आणि १०८०आय दोन्ही आहेत, पाल डिस्कमधून काढून टाकलेत. मी ऑप्शनमध्ये वेड्यासारखा शोधत होतो. तसं ते १०८०आय पण नावापुरतंच, चित्र आतून ६४०×५४० बनतं आणि ताणलं जातं, ४ एमबी व्हिडिओ मेमरीत अजून काय होणार म्हणा. बाकी काही गेम सुरू होताना त्रिकोण आणि क्रॉस ही बटणं धरून ठेवली की ४८०पी विचारतात, माझ्या डिस्कांपैकी एकीनेही विचारलं नाही, अंगठे मात्र दुखले.

म्हणून आता जीएसएम, म्हणजे गेमला जबरदस्तीने दुसऱ्या व्हिडिओ मोडमध्ये चालवणारं एक सॉफ्टवेअर. मित्राकडून फ्री एमसी बूटवालं (असली बाहेरची सॉफ्टवेअर चालू करून देणारं) मेमरी कार्ड आणलंय, स्लिमचा मॉडेल नंबर ७७००० सिरीजचा आहे त्यामुळे चालतं (९००००वाल्यांनी आधी नीट बघून घ्या, त्यातल्या उशिराच्या मशीनवर चालत नाही). काल रात्री ५७६पी लावून बघितलं. ४८०पी मुद्दाम नाही लावलं, ते ६० हर्ट्झवर जातं आणि ५० हर्ट्झचा गेम पळायला लागतो. मेनू एकदम काचेसारखा आला, पण एका रेसिंग गेमचा सुरुवातीचा व्हिडिओ फाटला आणि मशीन अडकलं. व्हिडिओवाल्या गेमना हा त्रास होतो असं वाचलेलं, जीएसएममध्ये स्किप व्हिडिओज नावाचा एक पर्याय आहे तो उद्या लावतो.

क्रिकेट ०७ अजून ५७६पीवर टाकलं नाहीये. आई झोपली होती आणि मी सिक्स मारल्यावर ओरडतो.