तांबट आळीतला पत्रा आणि पावसाळ्यातला डिटेक्टर

हॅम्बुर्गजवळचं युरोपियन एक्सफेल, म्हणजे क्ष-किरणांचा प्रचंड लेझर, सेकंदाला 27,000 पर्यंत क्ष-किरण स्पंद देऊ शकतं. पुण्यात पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये होती एक छोटी क्ष-किरण नळी आणि गळकं छत. तरी ते स्पंद टिपणाऱ्या डिटेक्टरची चिप पहिल्यांदा तपासायची ती इथेच.

इतर ठिकाणी फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, एकेक करून मोजता येतात. एक्सफेलमध्ये स्पंदच काही फेम्टोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशाचा, सगळे फोटॉन एकदम येऊन आदळतात. मग मोजणार कसे? म्हणून पिक्सेलमध्ये साठलेला एकूण विद्युतभार वाचायचा. कुठे एकच फोटॉन, कुठे हजारो, त्यामुळे भार वाढला की पिक्सेल आपणहून गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, उतरवतो. तीन पायऱ्या. ऐकायला झकास, पण माझ्या चिपवर 64 गुणिले 64 पिक्सेल, प्रत्येकाच्या तीन पायऱ्या, म्हणजे 12,288 वेगवेगळी कॅलिब्रेशन.

जुलैत सेन्सर उणे 15 अंशांवर नेला आणि डार्क फ्रेम, म्हणजे किरण न पाडता घेतलेली चित्रं, घ्यायला बसले. डाव्या कडेचे आकडे हळूहळू चढायला लागले. अर्थिंग तपासलं, केबल बदलल्या, कोडवर संशय घेतला. चार दिवस गेले. शेवटी वर्कशॉपमधल्या काकांनी पेटीच्या खिडकीतून डोकावून पाहिलं.

"अहो मॅडम, याला घाम फुटलाय."

खरंच, सेन्सरच्या कडेला मोहरीएवढे थेंब. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर येतं तेच दव! कडेला उच्च व्होल्टेज, त्यात पाणी. चिप वाचली हे नशीब. मग पेटीत कोरडा नायट्रोजन सोडला, आत आर्द्रतामापक बसवला आणि आकडा खाली आल्याशिवाय कूलर चालूच होणार नाही अशी सोय केली. ही सोय आधीच हवी होती. चूक माझी.

मग एका फोटॉनचं माप, म्हणजे एका फोटॉनला पिक्सेल किती आकडा दाखवतो ते. त्याला शुद्ध तांबं हवं. ऑर्डर केलेला पत्रा येईना, तेव्हा थेट कसब्यात तांबट आळीत गेले. "भांडं कसलं करायचंय?" दुकानदाराने विचारलं. तळहाताएवढा तुकडा कशाला, हे काही त्यांना समजावता आलं नाही. नळीचे किरण त्यावर पाडले की तांब्याचे स्वतःचे 8.05 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन बाहेर पडतात. सिलिकॉनमध्ये एका इलेक्ट्रॉनमागे साधारण 3.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे एका फोटॉनचे सुमारे 2,200 इलेक्ट्रॉन. रात्री अकराला आलेखावर शून्याचं शिखर, बाजूला एका फोटॉनचं ठसठशीत शिखर, आणि मधे दोन पिक्सेलांत वाटल्या गेलेल्या भाराची चिखलासारखी पसरण.

जास्त भाराच्या उरलेल्या दोन गेन-पायऱ्यांपर्यंत आमची नळी पोचूच शकत नाही. तिथे इन्फ्रारेड लेझरचे स्पंद वापरले. तीव्रता वाढवत नेली की आलेखाची रेघ एका जागी तुटते, तिथे गेन बदलला. 37 पिक्सेलांची रेघ तुटलीच नाही. ते नकाशात बाद केले आणि मॉड्यूल पेटीत भरलं. सिलिका जेलच्या पुड्या काकांनी दुप्पट टाकल्या.