आमची वाटचाल : गिअरबॉक्सच्या तळातला गाळ

पन्हाळ्याच्या पायथ्याशी आम्ही वर्कशॉप थाटले तेव्हा वेल्डिंग आणि पंक्चर यांवरच आमचे पोट होते. आज आमच्याकडे मुख्यतः जुने मॅसी फर्ग्युसन 35 आणि 1035 हे ट्रॅक्टर येतात, आणि तेही बहुधा एकाच तक्रारीसाठी : लिफ्ट, म्हणजे नांगरासारखी अवजारे उचलणारे ट्रॅक्टरचे मागचे हात, उचलत नाही.

या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शिअल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) आणि तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक लिफ्ट यांना मिळून एकच तेल असते, सुमारे 30 लिटर, आणि चार पिस्टनचा लिफ्टचा पंप त्याच तेलात बुडालेला असतो. आमच्या भागात भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टर गुडघाभर पाण्यात चालतो. गिअर लिव्हरचे फाटलेले रबर आणि झिजलेली ऑइल सील यांतून पाणी आत शिरते, तेल दुधाळ चहासारखे होते आणि वर्षानुवर्षे माती, लोखंडाचा कीस व जुने तेल मिळून तळाशी लोण्यासारखा काळा थर बसतो. त्यात कोणी इंजिनचे जळके ऑइल ओतलेले असेल, तर विचारायलाच नको.

सुरुवातीला आम्हीही सगळे करतात तेच केले : तेल काढायचे, डिझेल भरायचे, इंजिन थोडा वेळ चालवून सोडून द्यायचे. अशा एका ट्रॅक्टरची लिफ्ट पंधरा दिवसांत ऐन नांगरटीत बसली. पंप खोलला तेव्हा चूक आमचीच असल्याचे दिसले, कारण डिझेलने गाळ सुटला होता, पण बाहेर न पडता पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकला होता. शिवाय डिझेलवर फिरल्यामुळे पंपाच्या पिस्टनवर ओरखडे उमटले होते. नवा पंप आम्ही पदरमोड करून बसवला, आणि त्या दिवसापासून डिझेल भरून इंजिन चालवणे बंद केले.

आता आम्ही आधी ट्रॅक्टर फिरवून तेल गरम करतो, सगळे ड्रेन प्लग काढून ते रात्रभर निथळू देतो आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टचे कव्हर चेन कप्पीने उचलतो. उचलण्यापूर्वी पंपाकडून वर येणारी तेलाची उभी नळी काढावी लागते. हे विसरणारा मेकॅनिक ती एकदाच वाकवतो. गाळ लाकडी पट्टीने खरवडायचा, कोपरे रॉकेल आणि ब्रशने धुवायचे, तळाचा कीस चुंबकाने उचलायचा. कॉटन वेस्ट, म्हणजे पुसायचा सुताचा गुंता, मात्र आमच्याकडे आत जात नाही, कारण तिचा एक धागाही पंपाला पुरतो. या कामाला दोन दिवस लागतात, त्यामुळे घाईचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. त्याला आमचा इलाज नाही.

निघालेला गाळ आम्ही डब्यात ठेवून मालकाला दाखवतो. गिअरच्या दातांचे तुकडे त्यात सापडले, तर तेल न भरता आधी गिअर तपासतो. नाही सापडले, तर नवे तेल भरून पन्नास तासांनी ट्रॅक्टर पुन्हा बोलावतो आणि ते तेलही काढून टाकतो. त्या दुसऱ्या वेळची मजुरी आम्ही घेत नाही.