१८ हजारांची एटीव्ही आणि आमच्या कुळागराची उतरण

बाबांचे गुडघे गेली दोन वर्षं साथ देत नाहीत, आणि आमचं कुळागर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग, तिच्यात वर मांगर (बागेतली खोप), खाली पाट आणि मधे सगळी उतरण. गोव्यात सावईवेऱ्याकडची कुळागरं बघितलेल्यांना लगेच कळेल, पोफळींच्या दोन रांगांमधून जेमतेम चार-पाच फूट वाट, पावसात तीही शेवाळलेली. पाडेली येतो, नारळ पाडून जातो, पण ते वर आणायचे कोणी आणि शेणखताची पोती खाली न्यायची कोणी, गडी मिळत नाहीत हे तर आता घरोघरचं झालंय. म्हणून जानेवारीत मी हणजुणेकडून एक जुनी चायनीज ११० सीसी एटीव्ही घेतली, म्हणजे फुगीर टायरांची, कच्च्या वाटेवर चालवायची छोटी चार चाकी गाडी. पूर्वी टुरिस्टांना फिरवायची, मग दोन पावसाळे उघड्यावर बंद पडून. विकणारा २५ हजार सांगत होता, चालू नाही म्हणून १८ ला दिली. टेम्पोत घालून म्हापसा, पणजी, फोंडा करत घरी आणली, त्याचे अडीच हजार वेगळे.

एक आधीच सांगतो, अशा एटीव्हीला आरटीओचा नंबर मिळत नाही, म्हणजे रस्त्यावर नेता येत नाही, आणि बीचवर तर आपल्याकडे कुठलीच गाडी घालायला बंदी आहे. स्वतःची जागा असेल तरच ह्या वाटेला जा. आणि घेताना साधी का होईना पावती लिहून घ्या, इंजिन आणि चासीचा नंबर घालून.

मी ह्याआधी स्कूटरचा प्लग सोडून काही उघडलेलं नव्हतं. गाडी बघताना मी टायर बघितले, फायबर बघितलं, सीट बघितली, आणि बघायचं होतं ते खाली. समुद्राकाठी फिरलेल्या गाडीत मीठ कुठे कुठे बसतं ते घरी आणून धुतल्यावर दिसलं. फूटरेस्टजवळ चासीचा पाईप रंगाखालून फुगला होता, स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचला तर आत गेला. विकत घ्यायला जाल तेव्हा एक स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी खिशात ठेवा, पाईपवर हलकं ठोकत जा, चांगला लोखंडी पाईप खणखणतो आणि कुजलेला नुसता थप्प वाजतो. हे मला आधी माहीत असतं तर मी अजून दोन-तीन हजार नक्की कमी केले असते. फोंड्याला वेल्डिंगवाल्याकडे पाईपचा कुजलेला भाग ग्राइंडरने कापून नवा तुकडा लावून घेतला. गंजावर नुसतं वेल्डिंग ओतलं तर ते टिकत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायर आणि सीडीआय (प्लगला स्पार्क देणारी इलेक्ट्रॉनिक डबी) काढून ठेवा, नाहीतर करंट त्यातून जाऊन सीडीआय उडू शकतो.

मला अर्थात इंजिनची घाई होती. बाबा मांगराच्या पायरीवर बसून बघत होते, म्हणाले, "चालते कशी ते मागाहून, थांबते का ते आधी दाखव." आणि ते शंभर टक्के खरं आहे, कारण इंजिन एकदा चालू झालं की कोणीच ब्रेकचं काम करायला थांबत नाही, बसतो आणि फिरवतो. आमच्या उतारावर ते परवडणारं नाही.

पुढे दोन ड्रम ब्रेक केबलवर, मागे एक हायड्रॉलिक डिस्क. ड्रमचे शू ठीक होते, पण लिव्हर फिरतो ती पिन गंजून जाम झालेली, काढून पॉलिश पेपरने घासून ग्रीस लावलं, केबल नव्या घातल्या. मागच्या कॅलिपरचा (डिस्क दाबून धरणाऱ्या भागाचा) पिस्टन हलतच नव्हता, दोन दिवस गंज सोडवायचा स्प्रे मारत राहिलो, शेवटी ब्रेक लिव्हर हळूहळू दाबत ऑइलच्या प्रेशरनेच तो बाहेर आला. सील नवे घातले. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच ऑइल घाला, माझ्यात डॉट ४. ते रंगावर सांडू देऊ नका, रंग उठतो. ब्रेकच्या पाईपमधली हवा काढताना पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात आणि कधी थांबायचं ते कळतं. मला तीन तास लागले, लिव्हर घट्ट झाल्यावर जो आनंद झाला तो सांगता येणार नाही.

आता इंजिन. बॅटरी मेलेली होती, नवी आणली, सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही. (सेल्फ फिरवताना ब्रेक दाबून धरायचा आणि न्यूट्रलमध्ये असायला हवं, पहिल्या दिवशी मी हे न करता सेल्फच गेला समजून बसलो होतो.) मी फोनवर बसून सीडीआय, कॉइल, कार्बोरेटर असं सगळं मिळून साडेतीन हजारांचं कार्ट भरून तयार ठेवलं होतं. आमच्या वाड्यावर एक मेकॅनिक आहेत, आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो, ते संध्याकाळी येऊन बघून एवढंच म्हणाले, "आदीं स्पार्क आसा काय ना तें पळय, मागीर पयशे खर्च कर." (आधी स्पार्क आहे का ते बघ, मग पैसे खर्च कर.)

प्लग काढला, कॅपमध्ये घालून इंजिनच्या धातूला टेकवून सेल्फ मारला. स्पार्क नाही. मग दादांनी समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. ह्या गाडीत स्पार्कचा करंट बॅटरीतून येत नाही, मॅग्नेटोतल्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागातल्या) वेगळ्या कॉइलमधून सीडीआयला जातो. आणि गाडी बंद करायचं बटण करंट तोडत नाही, ते सीडीआयची एक वायर चासीला टेकवतं आणि स्पार्क मरतो. म्हणजे ती वायर कुठे चुकून चासीला लागली असेल तर सगळं चांगलं असूनही स्पार्क येणार नाही. दादांनी सीडीआयच्या सॉकेटमधून ती एकच वायर काढली, सेल्फ मारला आणि निळा स्पार्क! साडेतीन हजारांचं कार्ट तिथेच रिकामं केलं.

दोष होता मागच्या दोरीवाल्या स्विचमध्ये, आत मिठाने हिरवं झालेलं. ही दोरी म्हणजे चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची, पडला तर खेचली जाते आणि इंजिन बंद. बरेच जण वैताग म्हणून ती कायमची काढून टाकतात, माझं त्याबाबत ठाम मत आहे की काढू नका. वायर काढून तपासा, पण मग स्विच साफ करा किंवा नवा घाला. माझा कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ झाला, वायर परत जोडली.

स्पार्क आल्यावर गाडी चोकवर चालू व्हायला लागली आणि चोक काढला की बंद. हे लक्षण दादांच्या मते अगदी ठरलेलं, कार्बोरेटरचा छोटा जेट, पायलट जेट, चोंदलाय. खालची वाटी उघडली तर तळाला पिवळट चिकट थर आणि त्याच्या खाली पाण्याचे थेंब. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या जून-जुलैच्या हवेत वर्षभर उभी गाडी म्हणजे टाकीत पाणी जमणारच. टाकी पूर्ण रिकामी करून धुतली, पेट्रोलचा पाईप बोटाने दाबला तर तुकडे पडले, तो आणि फिल्टर नवा. जेट साफ करायला टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. वायरीतला तांब्याचा एक बारीक तंतू घालायचा, मग कार्बोरेटर क्लीनर, मग उजेडाकडे धरून बघायचं, भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. मिक्स्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत आणि मग दीड वळसा बाहेर, तिथून कानाने अंदाज घेत.

दादा इंजिनकडे बघून म्हणाले हे आपल्या जुन्या १०० सीसी होंडांच्याच घराण्यातलं आहे. मी नंतर मापं शोधली तर खरंच, होंडाच्या त्या ९७ सीसी इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४९.५, ह्या चायनीज ११० चा स्ट्रोक तोच ४९.५, बोअर फक्त ५२.४, म्हणून सुमारे १०७ सीसी. मूळ सगळं १९५८ च्या सुपर कबपर्यंत जातं. ह्याचा फायदा असा की गावातल्या मेकॅनिकला हे इंजिन परकं वाटत नाही. व्हॉल्व्हचा गॅप थंड इंजिनवर ०.०५ मिमी, माझ्या एक्झॉस्टला गॅप उरलाच नव्हता, तो सेट केल्यावर सकाळी पहिल्या सेल्फला उठायला लागली. ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणजे आत पाणी गेलेलं, दोनदा नवं घालून थोडं चालवून काढलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. मावतं ८००-९०० मिली, पण मोटरसायकलचंच घाला, क्लच त्याच ऑइलमध्ये असतो. आत फक्त जाळी आहे, कागदी फिल्टर नाही, म्हणून मी लवकर लवकर बदलतो.

मागच्या ॲक्सलची बेअरिंग घासून गेली होती. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच नंबर घेऊन फोंड्याला बेअरिंगच्या दुकानात गेलो, एटीव्हीचा पार्ट म्हणून ऑनलाइन जे सांगत होते त्याच्या निम्म्यात मिळाली.

चालवण्याबद्दल थोडंच. मागे डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर एकत्र फिरतात, म्हणून अरुंद वळणावर ती सरळच जायला बघते. वजन बाहेरच्या फूटरेस्टवर टाकून अंग आतल्या बाजूला झुकवावं लागतं. चढाला पुढे झुकायचं, आणि उतारावर आडवी कधीच घालायची नाही. टायरमध्ये हवा ४-५ पीएसआय, बाईकसारखी २५-३० भरू नका, उसळते. १९७० मध्ये होंडाने पहिली तीन चाकी एटीव्ही काढली तिला सस्पेन्शनच नव्हतं, फुगीर टायरच ते काम करायचे, त्यावरून टायरचं महत्त्व कळावं. पंपावरच्या गेजवर एवढं कमी प्रेशर नीट दिसत नाही, लो प्रेशरचा गेज वेगळा घ्यावा लागला. आणि एकावेळी एकच माणूस, मागे कोणाला बसवत नाही.

सगळं धरून २८ हजारांच्या आसपास गेले, चार महिने, बहुतेक रविवार.

मेच्या पहिल्या आठवड्यात मागच्या कॅरियरवर सोलायचे ३० नारळ बांधून मी खालून वर आणले. मग बाबा म्हणाले मी बसतो. दोरी मनगटाला बांधली, मी बाजूने चालत. रिकामी गाडी घेऊन ते खाली निघाले आणि उतार सर्वात जास्त आहे तिथे, जुन्या फणसाजवळ, त्यांनी मुद्दाम ब्रेक दाबून गाडी उभी केली. चाकं हलली नाहीत. दोन मिनिटं ते तसेच बसले, पोफळींकडे बघत, दीड वर्ष त्यांनी खालचा भाग बघितला नव्हता. मग म्हणाले, "त्या तिसऱ्या ओळीला पाणी पोचत नाही वाटतं," आणि गाडी पाटाकडे घेतली.