ताईंच्या वहीतले आकडे

जुलैची १८ तारीख. जीएसटीचं विवरणपत्र, जीएसटीआर-३बी, भरायची मुदत दोन दिवसांवर, महिनाअखेरीला आयकर विवरणपत्रं. पुण्यातल्या ज्या सीए ऑफिसचे संगणक मी सांभाळतो, तिथे बावीस जण एकाच रिमोट सर्व्हरवर लॉगिन करून टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतात. सकाळी साडेदहाला फोन आला, "लॉगिनच होत नाहीये." जाऊन पाहिलं तर होत होतं, पण पासवर्ड टाकल्यावर साडेतीन मिनिटं काळा पडदा. नंतरही स्टार्ट मेन्यू उघडेना.

आधी नेहमीची ठिकाणं पाहिली. रॅम निम्मी मोकळी, डिस्कवर ताण नाही, डीएनएस ठीक. ग्रुप पॉलिसी लागायला नऊ सेकंद, असं लॉग सांगत होता. प्रिंटरची जोडणी बंद करून पाहिली, अँटिव्हायरस थांबवून पाहिला. कोरा नवा युजर तयार केला तर त्यालाही तेवढाच वेळ. म्हणजे कुणाचं प्रोफाइल फुगलंय असंही नाही. दुपारी साहेब म्हणाले, "नवा सर्व्हर घ्यायचा का? आजच ऑर्डर देतो." मी हो म्हणायच्या बेतात होतो.

तेवढ्यात अकाउंट्समधल्या सगळ्यात जुन्या ताई एक वही घेऊन आल्या. "आधी जे यायचे ना, त्यांना सांगितलं तर म्हणाले, तुम्हाला उगाच वाटतंय. म्हणून मग घड्याळ लावून लिहायला लागले." दिवाळीपासूनची रोजची नोंद होती. नोव्हेंबरात ३५ सेकंद, जानेवारीअखेर सव्वा मिनिट, एप्रिलमध्ये सव्वादोन, आज ३ मिनिटं ४० सेकंद. सर्व्हर रीस्टार्ट केला ते दिवस लाल पेनाने लिहिलेले, आणि त्या दिवशीही आकडा उतरलेला नाही.

इतका स्वच्छ पुरावा मला या कामात क्वचितच कुणी दिला असेल. यंत्र बिघडतं तेव्हा बहुतेकदा आकडे खालीवर उड्या मारतात. हा आकडा नुसता चढत होता. काहीतरी साठत होतं, आणि रीस्टार्टनेही ते जात नव्हतं.

मग ताईंना लॉगआउट करून पुन्हा आत यायला सांगितलं आणि सर्व्हरचा टास्क मॅनेजर उघडून बसलो. त्या साडेतीन मिनिटांत एक एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या पडद्यामागच्या सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसरचा एक अख्खा कोअर खात होता, आणि त्याच्या आत होती विंडोज फायरवॉलची सर्व्हिस. कुठल्या प्रोग्रामला नेटवर्कवर ये-जा करू द्यायची, हे फायरवॉल नियमांवरून ठरवतं. फायरवॉलची नियमांची यादी उघडायला गेलो तर खिडकीच गोठली. पॉवरशेल या कमांड चालवायच्या साधनाने रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, नियमांच्या नोंदी मोजल्या: एकसष्ट हजारांवर. 'युवर अकाउंट', 'कोर्टाना', 'वर्क ऑर स्कूल अकाउंट', हीच नावं पुन:पुन्हा.

सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१६, आणि तिथे युजर प्रोफाइल डिस्क वापरलेल्या, म्हणजे प्रत्येकाचं प्रोफाइल (त्याच्या सेटिंग्ज आणि फाइल्स) वेगळ्या डिस्क-फाइलमध्ये. माणूस लॉगआउट झाला की त्याचं प्रोफाइल सर्व्हरवरून उतरतं. पुढच्या वेळी विंडोज त्याला नवखा समजून त्याच्या ॲप्ससाठी फायरवॉलचे नियम नव्याने लिहितं. जुने मात्र काढत नाही. बावीस माणसं, रोजचं लॉगिन, चौदा महिने. मायक्रोसॉफ्टने अपडेटमधून यावर उपाय दिलेला आहे, पण तो आपोआप लागू होत नाही. रजिस्ट्रीत 'डिलीटयुजरॲपकंटेनर्सऑनलॉगऑफ' ही नोंद स्वतः करून तिची किंमत १ ठेवावी लागते. आणि त्यानेही आधीचा ढीग हलत नाही.

दिवसा हात लावला नाही. लोकांची व्हाउचर्स उघडी होती. रात्री दहानंतर बॅकअप घेतला, रजिस्ट्रीची प्रत काढली, ती नोंद केली. नियम काढायची पॉवरशेलची सरळ कमांड इतकी सावकाश चालली की पहाट उजाडली असती. सगळी यादीच उडवणं सोपं होतं, पण टॅलीच्या लायसन्ससाठीचे नियम त्यातच होते. म्हणून ज्या नियमांच्या मजकुरात मालक म्हणून एखाद्या युजरचा एसआयडी (विंडोजने त्याला दिलेला ओळख क्रमांक) होता तेवढेच निवडून थेट रजिस्ट्रीतून काढणारी स्क्रिप्ट लिहिली. पावणेदोनला सर्व्हर रीस्टार्ट केला. लॉगिन: १४ सेकंद.

सकाळी ताई यायच्या आत मी तिथे होतो. त्यांनी नेहमीसारखं घड्याळ लावलं, लॉगिन केलं, वहीत १४ लिहिलं. मग लॉगआउट करून पुन्हा एकदा मोजलं.

"आता लिहायचं थांबवू का हो?"

"नाही ताई, लिहा."

त्याच दुपारी माझ्याकडचे आणखी दोन सर्व्हर उघडून पाहिले. एकावर नऊ हजार नियम साठले होते. तिथून अजून कुणाची तक्रार आली नव्हती.