मामांच्या नर्सरीची वेबसाईट आणि खर्चाचं गणित
आमच्या मामांची जालन्याकडं मोसंबीच्या कलमांची नर्सरी आहे. दोन वर्षांपूर्वी एकानं त्यांच्याकडून 14 हजार घेतले, चार पानांची वेबसाईट करून दिली आन दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचे म्हणून 9 हजार मागितले. मामा नाही म्हणले तर साईटच बंद. डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, त्यामुळं नर्सरीच्या बोर्डावर रंगवलेला पत्ता आता मामांचा राहिलाच नाही. मला लई वाईट वाटलं, कारण तो बोर्ड मामांनी हौसेनं पेंटर बोलावून रंगवून घेतला होता.

म्हणून या वेळी मीच बसलो. सगळ्यात आधी डोमेन घेतलं, मामांच्या ईमेलवर, मामांच्याच मोबाईल नंबरवर. घेताना पहिल्या वर्षाचा मोठ्ठ्या अक्षरातला रेट बघू नका, रिन्यूअलचा बघा. आम्हाला पहिलं वर्ष 199 ला पडलं आन पुढचं 900 च्या आसपास दाखवायले, ते बारीक अक्षरात होतं.

आता सॉफ्टवेअर. साईट बनवायचं वर्डप्रेस फुकट आहे हे खरं, 2003 पासून चालू आहे आन लई दमदार आहे, पण ते स्वतःच्या होस्टिंगवर (साईट ठेवायला भाड्यानं घेतलेली जागा) टाकायचं म्हणजे होस्टिंगचे पैसे दरवर्षी, वरून प्लगइन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, अपडेट करत बसा. ज्याला रोज लिहायचंय किंवा ऑनलाईन विक्री करायचीय त्यानं खुशाल घ्यावं. विक्स ही पण साईट बनवायची सेवा, पण तिच्या फुकट प्लॅनमध्ये त्यांची जाहिरात दिसते आन स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, म्हणून ते सोडलं. मामांना पाहिजे काय तर फोटो, रेट, नकाशा आन फोन नंबर. त्याला गूगल साइट्स हे गूगलचं साईट बनवायचं साधन पुरतं, होस्टिंगचा रुपया लागत नाही, आपलं डोमेन जोडता येतं. डिझाईन साधंच होतं, पण शेतात एक कांडी नेटवर्क असताना उघडलं पाहिजे हे माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं. फोटो मोबाईलमधले चार-पाच एमबीचे होते, ते दोनशे केबीपर्यंत आणून मगच टाकले.

खरा वेळ गेला तो मजकुरात. मामांकडं जुनं माहितीपत्रक होतं, डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टात टाईप केलेलं, ते पेस्ट केलं की नुसती चिन्हं. युनिकोड, म्हणजे सगळीकडं सारखी दिसणारी अक्षरं, नव्हती ना. मग मामांना म्हणलं, तुमी बोला, आन फोनच्या मराठी व्हॉइस टायपिंगवर घेतलं. मामा बोलत गेले, न्युसेलर जातीची मोसंबी, रंगपूर खुंट, जंभेरी खुंट (खुंट म्हणजे ज्यावर कलम चढवतात ते रोप), चोपणाच्या म्हणजे खारवट चिकट रानात कोणतं लावू नये, खड्डा केवढा. डोळा भरलेल्या कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा हे त्यांनी तीनदा सांगितलं, मी तीनदा ठेवलं नाही पण ठळक केलं. न्युसेलरचं फोनला काहीतरीच ऐकू येत होतं, ते हातानं दुरुस्त केलं.

रेट मात्र पानावर लिहिले नाहीत. गूगल शीट केली आन ती साईटवर बसवली. शीटचं शेअरिंग 'लिंक असलेल्या कोणालाही' असं करावं लागतं, नाहीतर आपल्याला दिसते आन गिऱ्हाइकाला दिसत नाही. परवा मामांनी पाणी देता देता मोबाईलवरून शीटमधला एक रेट बदलला आन मला फोन करून म्हणले, "बघ रे, साईटवर आला का?"

आला होता.