तुम्ही विचारलंत म्हणून : कोच म्हणून मातेराझी कसा होता?

"झिदाननं ज्याच्या छातीवर डोकं मारलं, तो मार्को मातेराझी आपल्याकडे कोच होता ना? कसा होता?" हा प्रश्न वरचेवर येतो. कोचकडे वळण्याआधी बर्लिनच्या त्याच सामन्यातला त्याचा गोल सांगायलाच हवा, त्या धडकेपायी लोक तो विसरले.

९ जुलै २००६, विश्वचषकाचा अंतिम सामना, मातेराझीची इटली विरुद्ध झिदानचा फ्रान्स. सातव्या मिनिटाला त्यानं मालुदाला पाडलं म्हणून पेनल्टी, फ्रान्स पुढे. एकोणिसाव्या मिनिटाला इटलीच्या पिर्लोचा उजवीकडून कॉर्नर. उजव्या पायानं उजवीकडून मारलेला चेंडू गोलपासून बाहेर वळतो, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या कपाळाकडेच येतो. वेग चेंडूतच असतो, आपण दिशा द्यायची. उडीची वेळ मात्र चुकता कामा नये. घाई केली तर चेंडू पोचेपर्यंत आपण खाली आलेलो असतो. १.९३ मीटर उंचीच्या मातेराझीनं बरोबर वेळ साधली आणि फ्रान्सच्या व्हिएराच्या डोक्यावरून हेडर मारला. १-१. पुढे शूटआऊटमध्येही त्यानं आपली पेनल्टी घातली. बरं, त्याच स्पर्धेत झेक प्रजासत्ताकाविरुद्ध इटलीचा बचावपटू नेस्टा जखमी झाला म्हणून हा गडी संघात आला होता!

कोच म्हणून तो २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या चेन्नईच्या संघाकडे, चेन्नईयिनकडे आला, पहिल्या मोसमात खेळाडू-कोच म्हणून. खरी कसोटी २०१५ ची. साखळीतल्या १४ पैकी १० सामने झाले तेव्हा संघ तळाला होता. मग उरलेले चारही सामने जिंकून तिसरा आला. संघात मेंडोझासारखा वेगवान फॉरवर्ड असला की चेंडू हिसकावल्या हिसकावल्या पुढे जायला हवा. मध्ये दोन पास जादा झाले की समोरचे बचावपटू जागेवर परततात आणि तो वेग वाया जातो. मेंडोझानं त्या मोसमात १३ गोल केले.

चेन्नईत पूर आला म्हणून उपांत्य फेरीचा घरचा सामना पुण्यात, बालेवाडीला झाला. तिथे कोलकात्याला ३-० हरवलं, म्हणून परतीचा सामना १-२ गमावूनही दोन्ही सामन्यांचे गोल मिळून ४-२ नं भागलं.

२० डिसेंबरला गोव्यातल्या फातोर्ड्यात अंतिम सामना, समोर झिको कोच असलेला एफसी गोवा. गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीनं दोन पेनल्ट्या अडवल्या. पहिलीचा परतलेला चेंडू मात्र चेन्नईयिनच्या पेलिसारीनं आत मारला. गोव्याच्या हाओकिपनं बरोबरी केली, ८७ व्या मिनिटाला जोफ्रेनं गोव्याला २-१ पुढे नेलं. अशा वेळी पुढे असलेला संघ नकळत मागे सरकतो आणि चेंडू पुनःपुन्हा आपल्याच गोलसमोर येत राहतो. नव्वदाव्या मिनिटाला कट्टीमणीच्याच नावावर स्वयंगोल लागला आणि भरपाई वेळेत मेंडोझानं तिसरा मारला. ३-२. दोन पेनल्ट्या अडवणाऱ्या गोलरक्षकाच्या वाट्याला हे यावं, याची हळहळ आजही वाटते.

२०१६ मध्ये संघ सातवा आला आणि २०१७ च्या मार्चमध्ये मातेराझीनं चेन्नई सोडलं.